मंत्र्याचं पान

केतकी,

आज सर्वपित्री. ऑफिसातून दुपारीच निघाले, घरी येऊन अंघोळ केली आणि तुझ्या मंत्र्याचं पान वाढलं. पान म्हणजे कागदी डिश, हे तुला सांगायला नको. नोव्हाय गावातल्या माझ्या या घरामागे तळं आहे आणि तळ्यावर कॅनडातून येणाऱ्या त्या मस्तवाल रानहंसांची, गीजची, टोळी आहे. कावळ्याच्या आधी तेच येतील या भीतीने डिश पॅटिओच्या बुटक्या भिंतीवर ठेवली आणि मी आत, काचेच्या दारामागे, खुर्ची टाकून बसले आहे. वरण-भात, बटाट्याची भाजी, खीर, वडे. भाजी अगदी मिळमिळीत केली आहे, कारण तुझ्या मते जर्मन माणसाला आपलं तिखट सोसायचं नाही. मरून दोन शतकं उलटलेल्या माणसाच्या पोटाची एवढी काळजी तूच करू जाणे.

त्याच्या शेजारी दुसरी डिश आहे. तिच्यातली भाजी झणझणीत आहे.

काल नागपूरला फोन करून तुझ्या आईला विचारलं होतं. "अगं, वर्ष व्हायच्या आत पान ठेवत नसतात," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ठेव पण तू. तिला तुझ्या हातचं फार आवडायचं." हे साफ खोटं. माझ्या हातचं तुला कधीही आवडलं नाही आणि ते तू दर वेळी तोंडावर सांगितलंस. मी मात्र फोनवर "हो काकू" म्हणाले. हल्ली मी सगळ्यांना हो म्हणते. त्याबद्दलच तुझ्याशी बोलायचं आहे.

आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा तू स्टेट कॉलेज गावातल्या आपल्या त्या अपार्टमेंटमध्ये जमिनीवर बसून प्रेशर कुकरची शिटी शोधत होतीस. तुझी अख्खी बॅग कार्पेटवर उपडी केलेली होती. दोन हजार एकचा ऑगस्ट. मी पुण्याहून मेकॅनिकल करून आलेली, मास्टर्स झालं की नोकरी, नोकरी झाली की गाडी, असं सगळं आखून आलेली. तू नागपूरची, आणि काहीच न आखलेली.

"तुझा मेजर काय?" मी विचारलं.

"हिस्टरी."

"म्हणजे कसली? शिवाजी वगैरे?"

"नाही गं. एक जर्मन डॉक्टर होता, अठराव्या शतकात. डेन्मार्कच्या वेड्या राजाच्या तैनातीला गेला आणि बघता बघता त्या देशाचा मंत्री झाला. त्याच्यावर करून राहिली पीएचडी."

"आणि त्यासाठी तू नागपूरहून पेनसिल्व्हेनियात आलीस?"

"मग काय बाप्पा, पुण्यात येऊ? तिथे तर लोक दुपारी दार पण उघडत नाहीत."

मला तू त्या क्षणी अजिबात आवडली नाहीस. शिटी मात्र मीच शोधून दिली, तुझ्या बुटात होती.

त्याची पूर्ण गोष्ट तू पहिल्या थंडीत सांगितलीस, पोळ्या लाटता लाटता. पाद्र्याच्या घरात जन्मलेला, पण देवधर्म न मानणारा हा माणूस. राजाचं डोकं ठिकाणावर नव्हतं आणि दरबारात त्याच्याशी माणसासारखं वागणारा हा एकटाच. राजाचा विश्वास बसला आणि हळूहळू राजाच्या नावाने हाच हुकूम काढायला लागला. मारझोड करून कबुली घेणं बंद केलं. छापखान्यांवरची बंधनं उठवली, तर लोकांनी त्या मोकळ्या छापखान्यांतून पहिली टिंगल केली ती याचीच. राणीशी त्याचं सूत जुळलं. मग एका नाचाच्या मेजवानीनंतर पहाटे त्याला पकडलं, साखळदंडात ठेवलं आणि गर्दीसमोर मारलं. हे सांगताना तुझी पोळी करपली आणि तू ती करपलेली पोळी माझ्या ताटात वाढलीस.

आपलं पहिलं भांडण तिथेच झालं. हा माणूस एका देशाचा कारभार करत होता आणि त्याला त्या देशाची भाषा येत नव्हती. हुकूम जर्मनमध्ये. मला ते सहनच होईना.

"कसला माज आहे हा? ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांच्याशी बोलता यायला नको?"

"माज नाही, घाई. त्याला एवढं काही करायचं होतं की शिकत बसायला वेळच नव्हता."

"एक्स्क्यूज आहे हा, केतकी."

"आणि तू? आल्यापासून क्लास सोडून कुणाशी बोललीस इथल्या माणसांशी? बसड्रायव्हरला थँक यू म्हणतेस, तेवढंच. ते पण उतरल्यावर."

मी चिडून कॅम्पसच्या बसमध्ये जाऊन बसले आणि सबंध फेरी मारून परत आले. उतरायच्या आधी ड्रायव्हरला म्हटलं, आज थंडी फार आहे ना. तो मग बोलतच सुटला. घरी आल्यावर हे तुला सांगितलं नाही. आता सांगते आहे.

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. तू बाहेर कुणाशीच वाद घालायची नाहीस. गावातल्या मराठी मंडळींच्या, घरटी एक पदार्थ न्यायच्या पॉटलकला एक काका दर वेळी तुला तोच प्रश्न विचारायचे, "हिस्टरी? मग पुढे काय करणार?" तू हसून म्हणायचीस, "तेच ना काका, विचारच करून राहिले." ते म्हणायचे, कॉम्प्युटरचा एखादा कोर्स करून टाक. तू म्हणायचीस, हो काका, करते. तुझे प्रोफेसर म्हणायचे, हा चॅप्टर पूर्ण बदल. तू म्हणायचीस, येस, ऑफ कोर्स. मग घरी येऊन बूट काढायच्या आधी माझ्यावर सुटायचीस. काकांना, प्रोफेसरांना, सगळ्यांना द्यायची उत्तरं मला मिळायची.

"त्यांच्याशी भांड ना," मी म्हणाले, "मी काय घोडं मारलंय तुझं?"

"लोकांशी कसं भांडणार? लोकांना हो म्हणायचं असतं. भांडायचं आपल्या माणसाशी."

तू हे इतक्या सहज म्हणालीस आणि फ्रिजमध्ये डोकं घातलंस. मला किती बरं वाटलं होतं ते मी तुला कळू दिलं नाही. घरापासून इतक्या लांब, जिथे माझं नावसुद्धा कुणाला नीट घेता येत नव्हतं, तिथे मी कुणाची तरी आपली माणूस झाले होते.

पान वाढायची कल्पना तुझीच. आपला दुसरा सप्टेंबर होता. काकूंनी फोनवर सांगितलं की सर्वपित्रीला ज्याची तिथी माहीत नाही त्याचं, ज्याचं मागे कुणी नाही त्याचंही पान ठेवतात. तू फोन ठेवलास आणि म्हणालीस, "मेधा, बटाटे आहेत का?" देव न मानणारी तू, त्याहून देव न मानणारा तो, आणि तुम्हा दोघांसाठी खीर ढवळणारी मी. वड्यांच्या भाजणीसाठी तू आयसेलिनच्या देशी दुकानांकडे निघालेल्या कुणाच्या तरी गाडीत चिठ्ठी पाठवली होतीस. आपण डिश फायर एस्केपवर ठेवली. स्टेट कॉलेजच्या कावळ्यांना खाण्यापिण्याची सवय होतीच, पाच मिनिटांत फडशा. तू हात जोडून त्यांना जर्मनमध्ये काहीतरी म्हणालीस. मी विचारलं काय म्हणालीस, तर म्हणे, सावकाश जेवा.

तेव्हापासून दर वर्षी. मी नोव्हायला नोकरीला आले, तू तिथेच राहिलीस. सर्वपित्रीला मात्र दोन्हीकडे बटाट्याची भाजी व्हायची.

माझं काम तुला भारी विनोदी वाटायचं. नव्या गाड्यांमध्ये बसायचं, त्या खडबडीत रस्त्यावरून न्यायच्या आणि कुठून खुळखुळ येते, कुठून कुरकुर येते ते कान लावून शोधायचं. "तुला याचे पैसे मिळतात?" तू म्हणालीस. "कुरकुर ऐकायची सवय तर माझ्यामुळेच लागली." रविवारी सकाळी फोन लावायचा, दोघींनी चहाचा कप घेऊन बसायचं आणि भांडायचं, हा आपला नेम झाला. माझ्या लग्नाची स्थळं, तुझं न संपणारं शेवटचं प्रकरण, परत जायचं की नाही, सगळं त्यात असायचं. पण घोडं अडायचं ते त्याच्यापाशीच, तुरुंगातल्या त्या शेवटच्या महिन्यांपाशी.

तुरुंगात त्याच्याकडे एक पाद्री यायचा. जर्मनच. त्याच्याशी देवाबद्दल बोलायचा, वाद घालायचा, पुन्हा यायचा. जन्मभर देव न मानलेल्या या माणसाने शेवटी त्या पाद्र्याला सांगितलं की तुमचं बरोबर, मला पटलं. पाद्र्याने पुढे ते सगळं छापलं. तुझं शेवटचं प्रकरण यावरच होतं आणि ते प्रोफेसरांना पटत नव्हतं. मलाही नाही.

"त्याला खरंच पटलं असेल," मी म्हणायचे. "मरण समोर दिसलं की माणूस बदलतो. त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

"पटलं-बिटलं काही नाही. विचार कर ना तू. हातापायात साखळ्या. ज्यांच्यासाठी एवढं केलं त्यांच्यातलं एक कुत्रं फिरकत नाही. आणि हा एकच माणूस येतो, आपल्या भाषेत बोलतो, उद्या पण येईन म्हणतो. आलेल्या माणसाला काय देणार हा? चहा नाही, बसायला खुर्ची नाही. आपल्याकडे कुणी आलं तर निदान हातावर साखर तरी ठेवतो ना आपण? याच्याकडे फक्त 'हो' होतं. तेच दिलं त्याने."

"म्हणजे खोटं बोलला."

"खोटं नाही गं. रिकाम्या हाताने पाठवलं नाही, एवढंच. आणि उद्या तो परत यावा म्हणून."

"हे तू थिसिसमध्ये कसं प्रूव्ह करणार?"

"तीच तर बोंब आहे."

आणि तू हसायचीस. तुझं ते हसणं माझ्या फोनमध्ये फाटून यायचं. तेही मला कुरकुरीसारखं पाठ आहे.

गेल्या हिवाळ्यात तुझं पोट दुखायला लागलं आणि मार्चपर्यंत त्या दुखण्याला नाव मिळालं. ते नाव मी इथे लिहिणार नाही, त्याला फार मान मिळाला आधीच. त्यानंतर शनिवारी सकाळी मी निघायचे, अख्खा ओहायो आडवा पार करायचे, आणि पेनसिल्व्हेनियाचे डोंगर लागले की तुझ्याशी आज कशावरून भांडायचं ते ठरवायचे. तू अशक्त झालीस तरी वादात कमी पडत नव्हतीस. उशीला टेकून, डोक्याला तो जांभळा स्कार्फ बांधून, तू माझ्या प्रत्येक वाक्यावर हात उडवायचीस. परत निघताना मला डबा द्यायचीस. गेल्या गेल्या खा म्हणायचीस. आपल्या अंगात शिजवायची ताकद नाही म्हणून कुणी आणून दिलेलं मला भरून द्यायचीस, आणि तसं सांगायची नाहीस. मी ओळखायचे, कारण त्याला चव असायची.

जूनमध्ये काकू आल्या. मग मी एक बघितलं. तू त्यांना सगळ्याला हो म्हणायला लागलीस. त्या अंगारा लावायच्या, तू कपाळ पुढे करायचीस. त्या उशाशी स्तोत्र म्हणायच्या, तू डोळे मिटायचीस. "बरं वाटून राहिलं ना बाळा?" "हो आई." नर्स यायची, "हाउ आर वी डूइंग टुडे?" "बेटर." प्रोफेसर फुलं घेऊन आले आणि म्हणाले, शेवटचं प्रकरण मी म्हणतो तसं केलंस तर फॉलमध्ये थिसिसचा डिफेन्स ठेवू. "येस, ऑफ कोर्स." तू कॉलेजातल्या पोरीसारखी मान हलवलीस. ते गेल्यावर मात्र माझ्याकडे वळून म्हणालीस, "एक ओळ बदलणार नाही." मला हायसं वाटलं. जोवर तू माझ्याशी भांडते आहेस तोवर सगळं ठीक आहे, असं मी धरून चालले होते. घरी परत जाताना मी तेवढंच मोजायचे.

मग तो ऑगस्टमधला रविवार. खिडकीशी पलंग हलवला होता. काकू आत भाजी चिरत होत्या. तू मला बस म्हणालीस आणि म्हणालीस, "तुला साधा चहा करून द्यायची पण सोय राहिली नाही बघ."

मी म्हटलं, "तुझा चहा कोण पितंय? उकळलेलं गवत." तू हसलीस. मग तुला तरतरी यावी म्हणून मी आपला ठेवणीतला विषय काढला.

"मी तर अजून म्हणते, त्याला खरंच पटलं होतं."

मी तुझ्या हाताकडे बघत राहिले, आता उडेल म्हणून. तू खिडकीबाहेर बघत होतीस.

"हो गं," तू म्हणालीस. "तुझंच बरोबर. पटलं असेल त्याला."

"काय? परत म्हण."

"तुझंच बरोबर, मेधा."

"लिहून दे!"

"दे कागद."

मी ओरडलेच. "काकू, बाहेर या, तुमची मुलगी हरली!" काकू सुरी हातात घेऊनच आल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, मिटलं एकदाचं. कान किटले माझे." तू हसत होतीस. मी निघाले तेव्हा तू माझी बाही धरलीस आणि विचारलंस, "पुढच्या शनिवारी येशील ना?" इतक्या वर्षांत तू असं कधी विचारलं नव्हतंस. तू आपली म्हणायचीस, येताना कोथिंबीर आण. मी म्हटलं, म्हणजे काय, येणारच.

आणि केतकी, मी खुशीत घरी आले. सबंध ओहायोभर रेडिओ मोठ्याने लावून आले. एवढ्या वर्षांचा वाद जिंकला होता मी. दिवसभर गाडीतल्या आवाजांवर कान ठेवणारी मी, ज्या गाडीतून काहीच आवाज येत नाही तिच्याबद्दलच आधी शंका घ्यायची असते हे नव्या पोरांना शिकवणारी मी. तुझ्या आवाजातली कुरकुर गेली, आणि मला ते ऐकूच आलं नाही.

गुरुवारी सकाळी काकूंचा फोन आला.

बाकीचं सांगण्यासारखं काही नाही. फ्युनरल होममध्ये तुला ती मोरपंखी साडी नेसवली होती, जी तुला कधीच आवडत नव्हती. गुरुजी दुसऱ्या गावाहून आले आणि त्यांना परत जायची घाई होती. प्रोफेसर मागच्या रांगेत बसून रडले. ते तुला आवडलं असतं.

मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं. तुझ्या अपार्टमेंटमध्ये मंडळी आली होती. कुणी डाळ आणली, कुणी भात. संध्याकाळ झाली तसे एकेक जण उठायला लागले. काकू आतल्या खोलीत तुझे कपडे घड्या घालून बॅगेत भरत होत्या. शेवटी उरले ते पॉटलकवाले काका. दाराशी एक बूट घालता घालता ते म्हणाले, "देवाची इच्छा. चांगल्या माणसांना तो लवकर बोलावतो. सुटली बिचारी."

एरवी मी त्यांना उभं सोललं असतं. सुटली म्हणजे काय? कशातून सुटली? तिला आणखी चाळीस वर्षं त्या मंत्र्याला धरून बसायचं होतं, माझ्याशी भांडायचं होतं, कोथिंबीर निवडायची होती. हे सगळं जिभेवर आलं होतं. पण त्यांचा एक बूट घालून झाला होता. दुसरा घातला की ते जाणार, आणि मग त्या घरात मी, तुझा रिकामा पलंग आणि आतून येणारा बॅगेच्या चेनचा आवाज.

"हो काका," मी म्हणाले. "खरं आहे तुमचं. सुटली."

त्यांना बरं वाटलं. त्यांनी घातलेला बूट काढला आणि पुन्हा सोफ्यावर येऊन बसले. "तेच म्हणतो मी," ते म्हणाले आणि त्यांच्या आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल सांगायला लागले. मी हो हो करत राहिले. एकाही शब्दावर माझा विश्वास नव्हता आणि ते बोलत राहावेत म्हणून मी कशालाही हो म्हटलं असतं.

तेव्हा मला कळलं, केतकी. तिथे, त्या सोफ्यावर, काकांच्या आईचं डायलिसिस चालू असताना. तुझ्या थिसिसला जो पुरावा मिळत नव्हता तो मीच होते.

आता माझी पंचाईत बघ. मी म्हणत होते ते खरं धरलं, माणसाला शेवटी खरंच पटू शकतं, तर त्या रविवारी तुलाही खरंच पटलं होतं. मग मी जिंकले, तू निवांत होतीस, आणि मी तो रेडिओ लावून आले ते ठीकच झालं. आणि तू म्हणत होतीस ते खरं धरलं, तर तू त्या दिवशी एकटी होतीस. आई आतल्या खोलीत असताना, मी पलंगावर बसलेली असताना. तुझ्या हातात द्यायला डबा नव्हता, चहा नव्हता, म्हणून तू मला ते दिलंस. लोकांना द्यायचं असतं ते. मी तुझ्या लेखी आपल्या माणसातून उठून केव्हा पाहुणी झाले गं? खूप विचार केला तरी तो दिवस मला सापडत नाही.

मला जिंकायला किती आवडलं असतं, तुला माहीत आहे. इतके दिवस मी जिंकायचा प्रयत्न केला. गाडी चालवताना, टेस्ट ट्रॅकवर, भाजी घेताना मी तुझ्या तोंडून तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकते आणि त्यात खरं पटल्याचा आवाज शोधते. तो येत नाही. येतो तो फक्त "येशील ना?" एवढाच.

पण मग असंही वाटतं की तू मला रिकाम्या हाताने पाठवलं नाहीस. अंगात श्वास घेण्यापुरतीही ताकद नव्हती तेव्हासुद्धा तू उठून फडताळात हात घातलास आणि जे शिल्लक होतं ते माझ्या हातावर ठेवलंस. मी ते खात खात घरी आले. गोड लागलं मला ते, केतकी. त्याबद्दल तुझे आभार मानायचे की तुझ्याशी भांडायचं, हे मला अजून ठरवता येत नाही. आणि ठरवायला रविवारी सकाळी फोन लावून बसायला कुणी नाही. चहा मी दोन कप करते अजून, सवयीने. दुसरा ओतून देते.

हे लिहीत असताना कावळा काही आला नाही. गीज आले. त्यातल्या एका धटिंगणाने भिंतीवर मान टाकून तुझ्या मंत्र्याची डिश खाली ओढली आणि मग सगळी टोळी वरण-भातावर पडली. मी हाकललं नाही. काच थोडी उघडून म्हटलं, सावकाश जेवा. जर्मनमध्ये कसं म्हणतात ते मी कधी शिकून घेतलं नाही, मराठीतच म्हटलं. तुझ्या डिशला मात्र त्यांनी चोच लावली आणि माना झटकून निघून गेले. इथल्या कुणालाच ते तिखट सोसत नाही.

मग मीच ती आत आणली आणि जेवले. असं चालत नाही, माहीत आहे. काकूंना सांगणार नाही. भाजी जमली नव्हती. तू असतीस तर पहिल्याच घासाला सांगितलं असतंस.

तुझंच बरोबर होतं. त्याला पटलं नव्हतं. पाद्री उद्या परत यावा म्हणून तो हो म्हणाला होता. प्रोफेसरांना कुणीतरी सांगायला हवं की एक ओळही बदलू नका. मी हरले, हे आज मी लिहून देते आहे, कागदावर, तू मागितलास तसा.

फक्त एक सांगते, ते ऐक. त्याच्या पाद्र्याचं मला माहीत नाही, त्याने नाही म्हटलं असतं तर तो परत आला असता की नाही कोण जाणे. पण तू त्या रविवारी मला उभी-आडवी खोडून काढली असतीस, चहा दिला नसतास, डबा दिला नसतास, तोंड फिरवून झोपून राहिली असतीस, तरी पुढच्या शनिवारी मी कोथिंबीर घेऊन आलेच असते गं.

मेधा